बांधाचें राज्य

पनवेलच्या खाडीकांठीं उलवे नांवाचें एक लहान गांव होतें. आज त्याच नांवाचें एक नगर तेथें उभें आहे. उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत आणि शेजारींच विमानतळ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें व त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. या कामासाठीं उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही अशा दहा गांवांना आपलीं गांवठाणें सोडावीं लागलीं. सुमारें नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यांत आली आणि उलवे नदीचा प्रवाह दुसरीकडे वळविण्यांत आला. हें सारें आपण वर्तमानपत्रांतून वाचलेंच असेल.

परंतु श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय विमानतळ हा नव्हे. ज्या भूमीवर हें नगर व हा विमानतळ उभा आहे, तिचा पुष्कळसा भाग खाजण, दलदल आणि खारजमीन असा होता. भरतीच्या वेळीं जेथें समुद्र यावयाचा, तेथें पनवेल, उरण, पेण व अलिबाग या टापूंतील आगरी शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविलें. समुद्राला मागें सारण्याचें हें काम कोणी केलें? फौज बाळगणाऱ्या राजानें नव्हे, कीं पदवी घेतलेल्या इंजिनियरानेंही नव्हे. तें गांवकऱ्यांनीं केलें. आणि ज्या गांवाला समुद्र आवरावयाचा असतो, त्याला आधीं आपल्या माणसांच्या वागणुकीला नियम घालून द्यावा लागतो. ग्रामस्वराज्य हा शब्द आपण सभांतून पुष्कळ ऐकतों. तें मुळांत कशांतून जन्माला येतें, कशामुळें टिकतें आणि कोठें नासतें, याचा विचार या खाडीकांठच्या बांधावर उभें राहून आज करावा, असा माझा विचार आहे.

प्रथम खार म्हणजे काय, तें शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांसाठीं थोडक्यांत सांगतों. भरतीचें पाणी जेथवर पसरतें, तेथवरची सपाट चिखलट जमीन म्हणजे खाजण. या खाजणाभोंवतीं मातीचा व दगडांचा बांध घातला, म्हणजे भरती बाहेर राहते. परंतु पावसाळ्यांत डोंगरावरून उतरणारें गोडें पाणी आंतच कोंडलें, तर पीक कुजून जाईल. म्हणून बांधाला ठिकठिकाणीं दारें ठेवितात. त्यांना उघाडी असें म्हणतात. ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें दार बाहेर उघडतें व सांचलेलें पाणी खाडींत निघून जातें. भरती आली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें तेंच दार आपोआप मिटतें. साधीच युक्ति आहे, पण सगळी शेती तिच्यावर अवलंबून असते.

बांध घातला म्हणून लगेच पीक येत नाहीं. कांहीं पावसाळे त्या जमिनीवरून जाऊं द्यावे लागतात. पावसानें मीठ धुपतें, मग गवत उगवूं लागतें, आणि त्यानंतर खारेपणा सोसणारें लाल दाण्याचें भात हातीं येतें. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज सरकारलाही हें ठाऊक होतें. खाजण लागवडीस आणणारास पहिलीं दहा वर्षें सारा माफ आणि पुढील वीस वर्षें एकरीं आठ आणे, अशा सवलतीचे नियम त्या अमदानींत केलेले होते. ज्या कामाचें फळ दहा वर्षांनीं दिसावयाचें, तें एकट्यादुकट्याच्या हौसेनें होत नसतें, हें त्या नियमांतही गृहीत धरलेलें आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बांध एकदां घालून भागत नाहीं, तो रोज राखावा लागतो. चिंबोऱ्या त्यांत बिळें करतात, उंदीर भोकें पाडतात, उन्हाळ्यांत माती भेगाळते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, त्यांतच पावसाचा जोर असला तर पाणी बांधाच्या माथ्याशीं येऊन ठेपतें. अशा वेळीं एखादें लहानसें भोंकही पुरतें. त्यांतून पाण्याची धार सुरू होते, धारेचा ओघ होतो आणि पाहतां पाहतां बांधाला खांड पडते. खांड एकाच्या शेतापाशीं पडली, तरी खारें पाणी सगळ्यांच्या शेतांत शिरतें. त्या वर्षाचें पीक तर जातेंच, पण मीठ जमिनींत मुरल्यामुळें पुढील कांहीं वर्षांचेंही उत्पन्न जातें. शेजाऱ्याचा आळस हा जेथें माझ्या घरच्या उपासाचें कारण होतो, तेथें शेजाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क मला आपोआपच प्राप्त होतो, आणि त्यालाही तो माझ्याविरुद्ध प्राप्त होतो. ग्रामसत्तेचें बीं येथें आहे. एखाद्या सिद्धांताचा पगडा बसल्यामुळें लोक एकत्र आले नाहींत. समान भयानें त्यांना एकत्र आणलें.

कुलाब्याकडील जुन्या सरकारी दप्तरांत या बंदिस्त जमिनींचे दोन मुख्य प्रकार नोंदलेले आढळतात. पहिला शिलोत्री. या खारांत बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे असे. तिच्या मोबदल्यांत शेतकरी दर बिघ्यामागें एक मण भात जादा देत आणि त्याला शिलोत्री मण असेंच नांव पडलें होतें. दुसरा प्रकार कुलारग. येथें असा मध्यस्थ नसे. जमीन कसणाऱ्यांचा समुदायच मिळून खार धरी आणि समुदायानेंच बांध राखावयाचा असे. अलिबागेकडील खारेपाटांत अशा सामुदायिक मेहनतीला जोळ म्हणत. पहिल्या प्रकारांत शेतकरी धान्य देऊन काळजींतून मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारांत तो काळजी स्वतः वाहतो, आणि म्हणून निर्णयांतही भागीदार होतो. हा भेद लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

जेथें सर्वांनीं मिळून काम करावयाचें, तेथें तीन प्रश्नांचीं उत्तरें आधींच ठरवून ठेवावीं लागतात. कोणी किती काम करावयाचें? कामाची हांक कोणी द्यावयाची? आणि जो येणार नाहीं, त्याचें काय करावयाचें? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनाच आपण राज्यकारभार म्हणतों. गांवच्या देवळापुढें बसणारी गांवकी हींच उत्तरें देत असे. तिच्यापाशीं छापील कायदा नव्हता, पण स्मरण होतें. पूर्वीं असें झालें होतें, तेव्हां असें ठरलें होतें, हें सांगणारीं वडील माणसें होतीं. गांवाचें सामाजिक जीवनही याच दोऱ्यांनीं विणलेलें होतें. आगरी लग्नांत धवलारीण गाणीं म्हणून विधि चालवीत असे. भटजींवांचून, गांवच्याच एका जाणत्या बाईच्या मुखानें लग्न लागे. बांधावर एकत्र येणारे हात लग्नाच्या मांडवांतही एकत्र येत.

आतां क्षणभर दूरच्या देशाकडे वळूं. मध्ययुगीन इंग्लंडांतील खेड्यांनाही असेंच एक समाईक ओझें वाहावें लागे. बहुतेक ठिकाणीं तें समुद्राचें नसून नांगराचें होतें. तेथें एका सरदाराच्या किंवा मठाच्या ताब्यांतील जमिनीच्या घटकाला मॅनर म्हणत. आपल्याकडील जहागिरीच्या गांवाशीं त्याचें बरेंच साम्य आहे. गांवाची शेतजमीन दोन किंवा तीन मोठ्या उघड्या शिवारांत वांटलेली असे, आणि प्रत्येक कुळाच्या वांट्याच्या अरुंद पट्ट्या त्या सर्व शिवारांत विखुरलेल्या असत. मध्यें कुंपण नसे. शिवारांपैकीं एक पाळीपाळीनें पडीक ठेवावयाचें असे. जड मातीचा नांगर ओढावयास आठ आठ बैल जुंपावे लागत, आणि आठ बैल एका कुळाच्या गोठ्यांत क्वचितच असत. तेव्हां नांगरट केव्हां करावी, पेरणी कोणती करावी, कापणीनंतर गुरें शिवारांत केव्हां सोडावीं, हें सर्वांनीं मिळून ठरविल्यावांचून एकाचेंही पीक घरीं येणें शक्य नव्हतें.

हें ठरविण्याची जागा म्हणजे मॅनरचें न्यायासन. ठराविक मुदतीनें सर्व कुळें तेथें हजर होत. गैरहजर राहणारास दंड पडे. गुन्हा कोणाचा हें सांगणारे पंच कुळांतूनच घेतलेले असत. रीव्ह नांवाचा गांवचा कारभारी पुष्कळ ठिकाणीं कुळांनींच वर्षासाठीं निवडलेला असे. त्याच्या हाताखालीं कुंपणांवर व पिकांवर नजर ठेवणारा राखणदार असे, इतकेंच नव्हे, तर विक्रीची बिअर नीट आहे कीं नाहीं, हें चाखून पाहणारा अधिकारीही नेमलेला असे! सुगीचे नियम सर्वांच्या संमतीनें केले आहेत, असें त्या न्यायासनाच्या लेखांत वारंवार लिहिलेलें सांपडतें. रात्रीं शेतांतून धान्य वाहून नेऊं नये, ज्याला मजुरी करण्याची शक्ति आहे त्यानें कणसें वेंचावयास जाऊं नये, कारण तो हक्क म्हाताऱ्यांचा व दुबळ्यांचा आहे, अशा प्रकारचे ते नियम होते. इंग्रजींत पोटनियमाला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ गांवाचा कायदा असाच आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थांचे पोटनियम ज्या नांवानें ओळखले जातात, त्या नांवाचें मूळ अशा खेड्याच्या शिवारांत आहे, ही गोष्ट मौजेची नव्हे काय?

आणि जेथें इंग्लंडलाही समुद्राशीं झुंजावें लागलें, तेथील व्यवस्था तर आपल्या खारेपाटाची सख्खी बहीणच शोभेल. केंट परगण्यांत रॉम्नी नांवाची विस्तीर्ण दलदल आहे. तेथील सागरी बांधांचा कारभार चोवीस निवडक पंच पाहत. ज्याची जितकी जमीन, त्या मानानें त्यानें बांधाचा भार उचलावा, असा तेथील दंडक होता. १२५२ सालीं राजा तिसरा हेन्री यानें या चोवीस पंचांचा अधिकार सनदेनें मान्य केला, तेव्हां ही वहिवाट पुरातन काळापासून चालत आली आहे, असेंच धरून तो मान्य केला. राजानें अधिकार निर्माण केला नाहीं. बांधावर जो आधींच उभा होता, त्याला फक्त ओळख दिली.

हें ऐकून कोणाला वाटेल, कीं जुनें खेडें म्हणजे एक लहानसें लोकराज्यच होतें. तसें समजणें मात्र मोठी चूक होईल. मॅनरच्या न्यायासनांत पंच कुळांतले होते हें खरें, पण आसन धन्याचें होतें आणि दंडाचें उत्पन्नही सामान्यतः त्याच्याच पेटींत जात असे. जीं कुळें बंधनांत असत, त्यांना आठवड्यांतून कांहीं दिवस धन्याच्या शेतावर फुकट राबावें लागे, आणि सुगींत आणखी जादा वेठ असे. मुलीचें लग्न करावयाचें तर धन्याला पैसे भरावयाचे. घरचा कर्ता मेला तर गोठ्यांतलें उत्तम जनावर धन्यानें न्यावयाचें. दळण धन्याच्याच गिरणीवर दळावयाचें. नांगरट कोणत्या दिवशीं करावी, हें ठरविण्यास गांव स्वतंत्र होतें. पण पिकलेल्या दाण्यांतून किती आपल्या घरीं न्यावा, हें त्यानें ठरवावयाचें नव्हतें.

या दुःखाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सेंट ऑल्बन्स येथील मठाच्या कुळांनीं घरीं जातीं ठेवून दळण्याचा हक्क सांगितला, तेव्हां चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील महंतानें तीं जातीं जप्त केलीं आणि त्यांचे दगड आपल्या दालनाच्या जमिनींत फरशीसारखे बसवून टाकले. पुढें १३४८-४९ सालीं मोठ्या महामारीनें देशांत माणसांचा तुटवडा पडला, मजुरीचे दर वाढूं लागले आणि ते दाबून ठेवण्याचे कायदे आले. त्यांत नवे डोईपट्टीचे कर भरीस पडले. १३८१ सालीं शेतकऱ्यांचें बंड उसळलें, तेव्हां सेंट ऑल्बन्सच्या लोकांनीं मठांत शिरून ते जात्यांचे दगड उखडले आणि त्यांचे तुकडे करून, प्रसाद वांटावा तसे, आपसांत वांटून घेतले. अनेक गांवीं लोकांनीं न्यायासनाचीं दप्तरें जाळलीं. ज्या दप्तरांत त्यांच्या वाडवडिलांच्या संमतीनें केलेले नियम होते, त्याच दप्तरांत त्यांच्या बंधनांचाही पुरावा होता. बंडवाल्यांना दोहोंची निवड करीत बसावयास सवड नव्हती.

आपल्या कोंकणांत हा धनी म्हणजे खोत. खोत मुळांत सरकारसाठीं सारा गोळा करणारा. पण काळाच्या ओघांत अनेक गांवीं तो मालकाच्या जागीं जाऊन बसला. बांधावर माती टाकणारे हात कुळांचे, पण दप्तरांत नांव खोताचें. पिकाचा मोठा वांटा त्याच्या कोठारांत जाई आणि शिवाय वेठबेगार करावी लागे. या स्थितीविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी या गांवीं २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें सभा भरली आणि कुळांनीं खोतांची जमीन कसावयाची नाहीं, असा निश्चय केला. हा संप पंचवीस गांवांत पसरला आणि सहा वर्षें टिकला. शेतकऱ्यानें कारखान्यांतल्या कामगाराप्रमाणें संप करावा आणि तो इतकीं वर्षें चालवावा, ही गोष्ट हिंदुस्थानच्या इतिहासांत अपूर्व होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ सालीं चरीस येऊन गेले आणि १९३७ सालीं त्यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९३९ सालीं कुळांना कायद्याचें संरक्षण मिळालें. खोती नाहींशी करणारा कायदा १९४९ सालीं झाला.

सहा वर्षें शेत पडीक टाकून हीं गांवें एकत्र कशीं राहिलीं, याचें नवल करणाऱ्यानें त्यांचा बांध आठवावा. फुटीर माणूस एकटा बुडत नसतो, तो सगळ्यांना बुडवितो, हा धडा खारेपाटाला संपानें प्रथम शिकविला नाहीं. तो त्याच्या वाडवडिलांना समुद्रानेंच शिकविला होता.

धनी दूर झाला म्हणजे गांव स्वतंत्र झालें, असें म्हणावें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आपण गोव्याकडे पाहूं. तेथें खोतासारखा धनी मध्यें नसलेली ग्रामसंस्था शेंकडों वर्षें चालत आली. तिला गांवकरी म्हणतात. गांव वसविणाऱ्या मूळ घराण्यांचे वंशज ते गांवकार. जमीन एकट्याची नसून त्या समुदायाची. ठराविक मुदतीनें शेतांचा लिलाव करावयाचा, येणाऱ्या उत्पन्नांतून सरकारचा सारा, देवस्थानाचा खर्च, न्हावी-धोबी वगैरे गांवच्या सेवकांचें वेतन आणि खाजणांच्या बांधांची दुरुस्ती भागवावयाची, आणि शिल्लक राहील ती गांवकारांत वांटावयाची. या वांट्याला जोण असें नांव आहे. पोर्तुगीजांनीं तिसवाडी घेतल्यावर त्यांच्या महसुली अधिकाऱ्यानें, आफोन्सो मेशिया यानें, १५२६ सालीं या वहिवाटी लिहून काढून त्यांना सनदेचें रूप दिलें. त्या लेखांत साऱ्याच्या बाबी तर आहेतच, पण सभेंत विडा प्रथम कोणाला द्यावा, यासारख्या मानापानाच्या बाबीही नोंदलेल्या आहेत. जिज्ञासूंनीं दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें या ग्रामसंस्थेवरील विवेचन अवश्य पाहावें.

पण जोण मिळावयाची ती गांवकाराच्या पोटीं जन्मलेल्या पुरुषाला. त्याच गांवांत राहणारा, त्याच बांधावर राबणारा, परंतु दुसऱ्या कुळांत जन्मलेला माणूस सभेंत बसूं शकत नसे. स्त्रीचा वांटा तर विचारावयासच नको. बाहेरच्या धन्यापासून मोकळें असलेलें गांव आपल्याच घरांत उंबरठे घालीत होतें.

आपल्या गांवकीलाही ही कीड लागलीच. बांधाच्या कामावर न येणारास दंड करणें न्याय्यच होतें. पण ज्या गांवकीच्या हातीं दंड होता, तिच्याच हातीं वाळीत टाकण्याचें शस्त्र होतें. वाळीत पडलेल्या घराशीं कोणी बोलावयाचें नाहीं, त्याच्या लग्नाला वा मयताला जावयाचें नाहीं, विहिरीवर त्याला पाणी भरूं द्यावयाचें नाहीं. हें शस्त्र बांधासाठीं कमी आणि मानापानासाठीं, भावकीच्या वैरासाठीं, मनाजोगें लग्न करणाऱ्या तरुणांना शिक्षा करण्यासाठीं अधिक वापरलें जाऊं लागलें. स्वातंत्र्य मिळून कित्येक दशकें लोटल्यावरही रायगड जिल्ह्यांतून अशा तक्रारी येत राहिल्या, आणि शेवटीं सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राला २०१६ सालीं करावा लागला. तो पुढील वर्षीं अंमलांत आला. ज्या गांवकीनें समुद्र अडविला, तिच्यापासून माणसाला वांचविण्यासाठीं कायदा लागावा, हें कटु आहे पण खरें आहे. ज्या सत्तेविरुद्ध दाद मागावयास जागा नाहीं, ती सत्ता आपल्याच माणसांची असली तरी जाचकच होते. मॅनरच्या कुळाला निदान परका धनी दोष द्यावयास होता.

मग जुनी व्यवस्था गेली तें बरेंच झालें, असें म्हणून आपण मोकळे व्हावें काय? तेंही मला पटत नाहीं. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला आणि १९७९ सालीं महाराष्ट्राचा नवा कायदा आला. मोठ्या बांधांचें काम सरकारी खात्याकडे गेलें. त्यांत लाभ निःसंशय होता. सरकारपाशीं पैसा असतो, यंत्रें असतात. परंतु शिलोत्री आणि कुलारग यांतला जो भेद मीं लक्षांत ठेवावयास सांगितला होता, तो येथें आठवावा. काळजी दुसऱ्यावर सोंपविली कीं निर्णयही हळूहळू त्याच्याकडे जातो. खांड पडली, तर पूर्वीं रात्रीं घमेलीं घेऊन गांव धांवत असे. आतां अर्ज लिहिला जातो. अर्ज लिहिणें गैर नाहीं, पण पाणी अर्जाच्या उत्तराची वाट पाहत नाहीं.

आणि मग जमीनच गेली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं ९५ गांवांची जमीन घेण्याचें ठरलें. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या या टापूंतील लोकांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं योग्य मोबदल्यासाठीं लढा दिला. १९८४ सालच्या जानेवारीच्या १६ व १७ तारखांना जासई-दास्तान परिसरांत गोळीबार झाला व त्यांत पांच शेतकरी मृत्यु पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ धारकास परत देण्याची योजना त्या लढ्यांतूनच उभी राहिली. शेताचा मोबदला हिशेबांत मांडतां आला. पण उधाणाच्या रात्रीं कोणाच्या हांकेसरशीं कोणीं धांवावयाचें, ही जी ठरलेली रीत होती, तिचा मोबदला कोणत्या रकान्यांत मांडावयाचा?

श्रोतेहो, आपल्यापैकीं जे या नव्या शहरांत राहतात, त्यांना कदाचित् वाटेल कीं ही सारी गोष्ट गेलेल्या काळाची व दुसऱ्या कोणाची आहे. तसें नाहीं. नवी मुंबई बसविणाऱ्यांनीं वाशी, बेलापूर वगैरे भागांत धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळीं शहराचें पावसाचें पाणी खाडींत जाऊं शकत नाहीं, तेव्हां तें या तलावांत सांठतें. त्यांच्या तोंडाशीं असलेलीं दारें भरतीला मिटतात व ओहोटीला उघडतात. ही उघाडीच आहे. तलावांत गाळ सांचला, दारांत कचरा अडकला, तर खारेपाटांत जें होत असे तेंच शहरांत होणार. आपण बांधाच्या आड राहणारे लोक आहोंत. आपल्याला त्याचा विसर पडला आहे, इतकेंच.

म्हणून आपल्या इमारतीच्या वार्षिक सभेची सूचना हातीं पडते, तेव्हां ती बाजूला टाकण्यापूर्वीं या खारेपाटाची आठवण करावी, अशी माझी विनंति आहे. ती सभा म्हणजे आपली गांवकी आहे. कोणी किती भार उचलावयाचा, हांक कोणी द्यावयाची, न येणाराचें काय करावयाचें, हेच तीन प्रश्न तेथेंही असतात. जुन्या गांवापासून उचलावयाचें तें हें, कीं समाईक कामांत प्रत्येकाचा वांटा ठरलेला असावा आणि तो त्यानें स्वतः उचलावा. टाकावयाचें तें हें, कीं भाडेकरू म्हणून, परजातीचा म्हणून, किंवा बाई म्हणून कोणाला सभेबाहेर ठेवावें, अथवा न पटणाऱ्या घराचें पाणी तोडावें. दंड असावा, पण तो नियमानें असावा आणि त्यावर दाद मागण्यास वरची जागा असावी. खारेपाटाला पहिली गोष्ट साधली होती. दुसरी साधण्याची संधि आपल्याला आहे, कारण कायदा व लेखनविद्या हीं दोन्ही आज आपल्या बाजूला आहेत.

येत्या पावसाळ्यांत अमावास्येच्या सुमारास एकदां मुलाबाळांना घेऊन खाडीकांठीं जावें. भरतीची वेळ पंचांगांतून अगर वर्तमानपत्रांतून पाहून घ्यावी. पाणी कोठवर चढतें आणि आपलें घर त्यापासून किती उंच आहे, तें त्यांना दाखवावें. आणि आपल्या वस्तीचें पाणी कोणत्या दारानें बाहेर जातें व त्या दाराची देखरेख कोण करतो, याची चौकशी करून मगच घरीं परतावें.